क्रांती लिस्बनची, चिंता साऱ्या जगाची

३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरिस या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी एका करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भाग भारताचे आहेत, हे पोर्तुगालने त्या दिवशी अखेर मान्य केले. गोवा मुक्त होऊन तेव्हा तेरा वर्षे उलटली होती; लिस्बनच्या दप्तरी मात्र तोवर तो पोर्तुगालचाच एक तुकडा होता. आपल्याकडे या कराराची आठवण निघते ती गोव्याच्या इतिहासाचे शेवटचे पान म्हणून. सही करायला आलेला तो पाहुणा आठ महिन्यांपूर्वीपर्यंत पॅरिसमध्ये परागंदा होता, दिल्लीहून परतल्यावर त्याच्या देशात काय वाढून ठेवले होते, आणि त्याच्या पाठीशी कोणकोण उभे होते, याची चौकशी मराठीत फारशी कुणी केलेली नाही. प्रस्तुत पुस्तक ती करते. प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला तो याचसाठी.

पुस्तकाचा आवाका दोन वर्षांचा आहे. २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे लष्करातल्या तरुण कॅप्टनांनी पोर्तुगालची अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथवली. २५ एप्रिल १९७६ रोजी नव्या राज्यघटनेखाली पहिली संसद निवडली गेली. मधल्या चोवीस महिन्यांत सहा हंगामी सरकारे आली आणि गेली, लष्करी उठावाचे प्रयत्न झाले, बँका आणि विमा कंपन्या सरकारच्या झाल्या, आफ्रिकेतले साम्राज्य विरघळले. जेमतेम नव्वद लाखांच्या या देशाकडे वॉशिंग्टन, मॉस्को, बॉन, लंडन आणि स्टॉकहोम डोळे लावून बसले होते. नुसते बसले नव्हते. पैसा, माणसे, सल्ले आणि धमक्या सगळीकडून येत होत्या.

आधी त्या रात्रीबद्दल. २४ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर एक साधे प्रेमगीत वाजले: तयार राहा. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी रेडिओ रेनासेन्सा या चर्चच्या मालकीच्या केंद्रावर झेका अफोन्सोचे ‘ग्रांदोला’ लागले: निघा. सांतारेंच्या घोडदळ प्रशालेतून कॅप्टन साल्गेरो माया आपली तुकडी घेऊन राजधानीकडे निघाला. दुपारी कार्मो चौकातल्या बराकीत पंतप्रधान मार्सेलो कायतानो अडकून पडले होते. बाहेर माणसांची इतकी गर्दी की रणगाडे हलवायला जागा नाही. काही पोरे झाडांवर चढून बसलेली. कायतानोंनी अट घातली, की सत्ता रस्त्याच्या हाती पडू नये, म्हणून शरणागती एखाद्या सेनापतीपुढेच पत्करीन. मग जनरल स्पिनोलांना बोलावून आणले गेले. बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोचलेली ती प्रसिद्ध छायाचित्रे त्याच दिवसाची. रक्त सांडले ते गुप्त पोलिसांच्या कचेरीसमोर. त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि चार जण गेले. दुसऱ्या रात्री काशियासच्या तुरुंगाचे दरवाजे उघडले. हा तुरुंग मराठी वाचकाला परका नाही. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे गोवा स्वतंत्र झाल्यावरही याच काशियासमध्ये कोठडीत होते. सुधीर फडके आणि इतरांनी त्यांच्यासाठी जिवाचे रान केले, तेव्हा कुठे १९६९ मध्ये ते सुटले.

कॅप्टन मंडळी उठली कशासाठी? लेखकाने दिलेले उत्तर मला पटते, आणि त्यात गोव्याचा वाटा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये हुकूमशहा सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवले होते, की पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी असतील, नाही तर मृत. व्हासालो इ सिल्व्हांनी शहाणपणा दाखवला, शरणागती पत्करली आणि हजारोंचे जीव वाचवले. बक्षीस म्हणून त्यांना लष्करातून हाकलण्यात आले. पुढे अंगोला, गिनी आणि मोझांबिक या तीन आघाड्यांवर तेरा वर्षे युद्ध चालले. गिनीत ते जिंकता येत नाही हे सगळ्यांना दिसत होते, तेव्हा तरुण अधिकाऱ्यांनी हा धडा विसरलेला नव्हता: पराभव राज्यकर्त्यांचा असेल, बळीचे बकरे आपण असू. १९७३ मध्ये बढत्यांच्या एका वटहुकमावरून त्यांची कुरबूर सुरू झाली. त्या कुरबुरीचे बंड व्हायला वर्षही लागले नाही. बंडानंतर व्हासालो इ सिल्व्हांना त्यांचा हुद्दा परत मिळाला.

म्हणजे क्रांती अस्सल घरची होती. ती घडेपर्यंत बाहेरच्या कुणाला तिचा सुगावा नव्हता, अमेरिकी दूतावासालाही नव्हता. बाहेरचे आले ते नंतर.

नंतर मात्र धावत आले. २८ एप्रिलला सोआरिस पॅरिसहून रेल्वेने सांता अपोलोनिया स्थानकात उतरले. दोनच दिवसांनी कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल विमानतळावर उतरले. या दोघांच्या मागे कोण होते ते पाहिले की पुढचा सगळा पट समजतो. सोआरिस यांच्या समाजवादी पक्षाची स्थापना पोर्तुगालच्या भूमीवर झालीच नव्हती. ती एप्रिल १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या बाड म्युन्स्टरआयफेल या गावी, विली ब्रांट यांच्या पक्षाशी जोडलेल्या फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानाच्या आश्रयाने झाली. हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कार्यकर्ते, नेते बहुतेक वकील आणि प्राध्यापक. कुन्याल यांचा पक्ष १९२१ चा. त्याचे लोक वर्षानुवर्षे तुरुंगात कुजलेले, भूमिगत राहिलेले. कुन्याल स्वतः १९६० मध्ये पेनिशच्या किल्ल्यातून दोरावरून उतरून पळालेले. कामगारांत त्यांची मुळे होती आणि मॉस्कोचा पैसा त्यांच्या पाठीशी होता. मे १९७४ च्या पहिल्या हंगामी सरकारात कुन्याल बिनखात्याचे मंत्री झाले आणि नाटोच्या एका संस्थापक देशाच्या मंत्रिमंडळात कम्युनिस्ट बसले.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचे डोके इथेच फिरले. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या अनुभवामुळे आपल्याला ही व्यक्ती चांगली ओळखीची आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनला जेवणाच्या टेबलावर त्यांनी सोआरिसना तोंडावर सांगितले, की लेनिनने उलथवलेल्या रशियातल्या केरेन्स्कीसारखी तुमची गत होणार आहे. सोआरिस म्हणाले, मला केरेन्स्की व्हायचे नाही. किसिंजर उत्तरले, त्यालाही व्हायचे नव्हते. हा किस्सा पुढे जगभर पसरला, आणि त्यात किसिंजर हजरजबाबी ठरतात. पण ते चुकले होते, आणि त्यांची चूक साधी नव्हती. पोर्तुगाल हातचा गेलाच आहे, तो कम्युनिस्ट होऊ द्यावा, म्हणजे तिथली दुर्दशा पाहून इटली आणि फ्रान्स तरी शहाणे होतील, असा विचार ते बोलून दाखवत असत. एका अख्ख्या देशाला लसीसारखे वापरण्याचा हा विचार होता.

त्यांना आवर घातला तो त्यांच्याच खात्यातल्या माणसाने. जानेवारी १९७५ मध्ये लिस्बनला आलेले राजदूत फ्रँक कार्लुची ब्राझीलमध्ये राहिलेले, पोर्तुगीज अस्खलित बोलणारे. त्यांचे म्हणणे असे, की हा देश कॅथलिक आहे, उत्तरेतला शेतकरी आपल्या तुकड्याला चिकटून आहे, निवडणूक होऊ द्या आणि मवाळांना हात द्या. किसिंजर ऐकेनात तेव्हा कार्लुचींनी व्हाइट हाउसमधली आपली ओळख वापरून थेट अध्यक्ष फोर्ड यांच्यापर्यंत मत पोहोचवले. दरम्यान लिस्बनमध्ये ओतेलो साराइव्हा दि कार्व्हाल्यो यांनी जाहीर केले, की या राजदूताच्या सुरक्षिततेची हमी मी देऊ शकत नाही. ओतेलो म्हणजे २५ एप्रिलचा आराखडा आखणारा अधिकारी. त्याचा शब्द गमतीवारी नेण्यासारखा नव्हता. कार्लुची हलले नाहीत. पुढे हेच गृहस्थ सीआयएचे उपसंचालक आणि रेगन यांचे संरक्षणमंत्री झाले, हेही सांगून टाकलेले बरे. त्यांना संत करण्याचे कारण नाही. अमेरिकेला अझोर्स बेटांवरचा लाझेस तळ हवा होता. १९७३ च्या युद्धात इस्रायलला शस्त्रे पोहोचवणारी विमाने तिथूनच गेली होती.

जर्मनांचे काम याहून वेगळ्या धाटणीचे होते, आणि माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. एबर्ट प्रतिष्ठानाने पक्षकार्यालयांची भाडी, छपाई, गाड्या, कार्यकर्त्यांची शिबिरे असा खर्च उचलला. सभा कशी बांधायची, मतदारयादी कशी चाळायची, वर्गणीचा हिशेब कसा ठेवायचा, हे सगळे शिकवले गेले. जर्मनीतल्या ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि उदारमतवादी पक्षांच्या प्रतिष्ठानांनीही लिस्बनमध्ये आपापले भाऊबंद शोधले. या कारभारात नाट्य काही नाही. बॉम्ब नाहीत, कटकारस्थान म्हणावे असे थोडेच. पण ज्याने आयुष्यात एखादी निवडणूक जवळून पाहिली आहे त्याला कळेल, की शेवटी हीच किरकोळ वाटणारी कामे मोजली जातात.

आता २५ एप्रिल १९७५. क्रांतीचा पहिला वाढदिवस आणि घटना समितीची निवडणूक. त्याआधी महिनाभर देश हेलकावे खात होता. ११ मार्चला स्पिनोलांच्या गोटाचा उठाव फसला, ते स्पेनला पळाले, क्रांती मंडळ स्थापन झाले आणि बँका राष्ट्रीयीकृत झाल्या. निवडणुकीच्या तोंडावर सगळ्या मोठ्या पक्षांकडून लष्कराने लिहून घेतले, की निकाल काहीही लागो, अंतिम शब्द लष्कराचा राहील. कोरी मतपत्रिका टाका, असा प्रचारही लष्करातल्या काहींनी केला. लोकांनी काय केले? नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान झाले. बायका, म्हातारे, कधी मत न दिलेली माणसे सकाळपासून रांगेत उभी राहिली. समाजवाद्यांना सुमारे ३८ टक्के, मध्यममार्गी पीपीडीला २६, कम्युनिस्टांना साडेबारा.

माझ्या लेखी या दोन वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच. परकीय शक्तींबद्दल लिहिणारे बहुतेक जण तो घाईने ओलांडतात. त्या दिवसापर्यंत बाहेरचे प्रत्येक जण अंधारात दगड मारत होते. किसिंजरना वाटत होते कम्युनिस्ट जिंकले, मॉस्कोला वाटत होते लष्कर आपले. आकडे आले आणि कुणामागे लोक आहेत हे सगळ्यांना एकदम दिसले. कार्लुचींचे वजन वाढले ते त्यानंतर. ब्रांट, ब्रिटनचे विल्सन, स्वीडनचे पाल्मे, ऑस्ट्रियाचे क्राइस्की, फ्रान्सचे मितराँ ही मंडळी २ ऑगस्टला स्टॉकहोममध्ये जमली आणि पोर्तुगालच्या पाठिंब्यासाठी समिती स्थापून बसली, तीही त्यानंतर. परक्यांनी विजेता घडवला असे म्हणणे मला मान्य नाही. विजेता मतपेटीतून दिसला, मग परके त्याच्याकडे वळले आणि त्याला टिकायला मदत केली. ही मदत मोठी होती. जर्मन मंडळींना पुढे सवय लागली लिस्बनची लोकशाही आपण वाचवली असे सांगायची. तेवढी मोठी ती नव्हती.

उन्हाळा तापला. ‘रिपब्लिका’ हे समाजवाद्यांकडे झुकलेले दैनिक छापखान्यातल्या कामगारांनी ताब्यात घेतले. समाजवादी सरकारातून बाहेर पडले आणि जुलैत लिस्बनच्या कारंज्याच्या चौकात त्यांनी प्रचंड सभा घेतली. उत्तरेत कम्युनिस्टांची कार्यालये जाळली गेली. त्यात चर्चच्या व्यासपीठांवरून झालेल्या भाषणांचा हात होता, तसाच सीमेपलीकडे स्पेनमध्ये बसलेल्या स्पिनोलाच्या माणसांचाही. ऑगस्टमध्ये मेलो आंतुनिश आणि आठ अधिकाऱ्यांनी नऊ जणांचे निवेदन काढले, तेव्हा लष्करातली फूट उघड झाली आणि कम्युनिस्टांकडे झुकलेले पंतप्रधान वास्को गोन्साल्विश यांचे दिवस भरले. त्याच आठवड्यांत हेलसिंकीत पस्तीस देशांचे नेते युरोपच्या सीमांवर सह्या करत होते. ब्रेझनेव्ह यांना ती सही हवी होती. लिस्बनसाठी ती पणाला लावायची त्यांची तयारी नव्हती, आणि पाश्चात्त्य नेत्यांनी तिथे त्यांना पोर्तुगालबद्दल स्पष्ट बजावलेही. युरोपीय आर्थिक समुदायाने जुलैतच कळवून टाकले होते: बहुपक्षीय लोकशाही दिसली तरच पैसा. गोन्साल्विश गेल्यावर ऑक्टोबरमध्ये कर्ज मंजूर झाले. याला दबाव म्हणायचे की मैत्री, हे ज्याने त्याने ठरवावे. मी दबाव म्हणेन.

२५ नोव्हेंबरला तांकुश तळावरच्या छत्रीधारी सैनिकांनी बंड केले. लष्करी अधिकारी रामाल्यो इयानिश यांनी आखलेल्या बेताप्रमाणे कमांडोंनी ते मोडून काढले. कम्युनिस्टांनी आपली माणसे रस्त्यावर उतरवली नाहीत. दुसऱ्याच दिवशी मेलो आंतुनिश दूरचित्रवाणीवर आले आणि म्हणाले, की पोर्तुगालच्या लोकशाहीत कम्युनिस्ट पक्षाला जागा आहे. जिंकलेल्याने हरलेल्याला चिरडायचे नाही, हा निर्णय कुठल्याही परक्या राजधानीने घेतलेला नव्हता. पाच वर्षांपूर्वी चिलीत आयेंदे निवडून आले होते आणि दोन वर्षांपूर्वीच्या लष्करी उठावात त्यांचे काय झाले हे लिस्बनमध्ये प्रत्येकाला ठाऊक होते. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. मडगावात वाढलेले लेखक ओर्लांदो दा कोस्ता याच कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, सालाझारच्या पोलिसांनी त्यांना तुरुंगात टाकले होते. त्यांचा मुलगा आंतोनियो कोस्ता २०१५ मध्ये समाजवादी पंतप्रधान झाला, तोही कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर.

इथवर गोष्ट गोड वाटते. पुस्तकाने ती इथे संपवली असती तर मी नाराज झालो असतो.

कारण त्याच महिन्यांत, त्याच राजधान्या, दुसरीकडे काय करत होत्या? जानेवारी १९७५ मध्ये पोर्तुगालने अंगोलाच्या तिन्ही मुक्तिसंघटनांशी आल्वोर येथे करार केला, तो काही आठवड्यांतच फाटला. लिस्बनमध्ये एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या महासत्ता लुआंडात मोकाट सुटल्या. एमपीएलएला सोव्हिएत शस्त्रे आणि क्यूबाचे सैनिक, एफएनएलएला सीआयए आणि झाइर, युनिटाला दक्षिण आफ्रिका. ११ नोव्हेंबरला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा राजधानीच्या वेशीवर लढाई चालू होती. ते युद्ध २००२ पर्यंत संपले नाही. पोर्तुगीज वसाहत राहिलेल्या पूर्व तिमोरची कथा याहून क्रूर. ६ डिसेंबर १९७५ ला फोर्ड आणि किसिंजर जकार्तात सुहार्तोंचे पाहुणे होते. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य तिथल्या राजधानीत, दिलीत उतरले. लिस्बन स्थिरस्थावर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पुढची चोवीस वर्षे तिमोरी लोकांनी भोगली.

हा योगायोग नाही. पोर्तुगालमध्ये परकीयांना टेकायला काहीतरी होते: मते, पक्ष, वृत्तपत्रे, एकमेकांशी बोलणारे अधिकारी. अंगोलात साम्राज्याने चारशे वर्षांत असे काहीही उभे राहू दिले नव्हते. शिवाय युरोपात समेट हवा असला की हिशेब आफ्रिकेत चुकता करायचा, ही त्या काळची रीतच होती.

पराभवाचा एक भाग लिस्बनच्याही वाट्याला आला. आफ्रिकेतून पाच लाखांहून अधिक लोक परतले. त्यांच्या सामानाचे लाकडी खोके तेजो नदीच्या काठी, दर्यावर्दी संशोधकांच्या स्मारकाभोवती महिनोन्‌महिने रचून पडले होते. खोक्यांवर रंगाने लिहिलेली नावे, लुआंडा, नोव्हा लिस्बोआ. माणसांना सरकारने एश्तोरिलच्या उंची हॉटेलांत ठेवले. या लोंढ्यात मोझांबिकमध्ये स्थायिक झालेली कितीतरी गोवेकर कुटुंबे होती; आज लिस्बनमध्ये भेटणाऱ्या अनेक गोवेकरांचे घराणे त्या वाटेने आलेले आहे. दक्षिणेत आलेंतेजूच्या शेतमजुरांनी जमीनदारांची दहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन कसायला घेतली होती. १९७७ च्या कायद्याने तिची परतीची वाट सुरू झाली. त्याच वर्षापासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची कर्जे आली, अटींसह. घटनेत समाजवादाकडे जाण्याचे जे वचन होते ते १९८९ पर्यंत मोडून काढण्यात आले. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ ला युरोपीय समुदायात शिरला. सोआरिस तेव्हा आनंदात असणारच. आलेंतेजूतले शेतमजूर कितपत होते, हे त्यांना कुणी विचारले नाही.

आपल्याकडे १९७५ हे वर्ष परकीय हाताच्या आरोपांनीच गाजले. लिस्बन तापलेले असतानाच दिल्लीत आणीबाणी आली आणि विरोधाचा प्रत्येक सूर बाहेरून वाजतो आहे असे सांगितले गेले. पुढच्या वर्षी मुंबईचे जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले, तेव्हा त्यांच्या जिवाची काळजी कळवणारी तार करणारे कोण होते? तेच ब्रांट, तेच पाल्मे, तेच क्राइस्की. म्हणून या पुस्तकाकडे दूरच्या देशाची गोष्ट म्हणून बघू नये.

लेखकाशी माझे एका ठिकाणी जमत नाही. त्यांनी मॉस्कोला जेवढे मोजले तेवढे मोजण्यासारखे ते नव्हते असे मला वाटते. कुन्याल यांचा पक्ष पैशासाठी मॉस्कोकडे पाहत असला तरी त्याचे आडाखे, त्याचा हट्ट आणि शेवटी त्याचा संयमही पोर्तुगीज तुरुंगांत घडलेला होता. वाचकांनी दोन्ही बाजू वाचून मत बनवावे. मात्र एक विनंती आहे. पुस्तक जाड आहे, आणि सोआरिस पंतप्रधान झाले त्या प्रकरणाशी थांबून ते मिटण्याचा मोह होईल. तसे करू नका. अंगोला आणि तिमोरवरची शेवटची दोन प्रकरणे जरूर वाचा. लिस्बनला जे स्वस्तात मिळाले त्याचे बिल तिथे फाडले गेले आहे.